दासबोधातील आशंका

आमच्या माळव्यातील जुन्या मराठी घरांतून 'दासबोधा'चा विषय निघाला की बहुधा 'मूर्खलक्षण' आठवते, आणि तेही दुसऱ्याला उद्देशून. दुसऱ्या दशकातील हा पहिला समास रोचक आहे, यात वाद नाही. परंतु लक्षणामागून लक्षण येत जाते, त्यांत क्रम असा दिसत नाही, आणि वाचणारा त्यात आपल्या भावाला, नाहीतर शेजाऱ्याला शोधू लागतो. ही लक्षणे त्यागासाठी सांगितली, असे समर्थ अखेरीस म्हणतात. तेवढे मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही.

शांतपणे विचार करण्याची समर्थांची रीत मला अन्यत्र दिसते. २० दशके, प्रत्येकात १० समास, ही ग्रंथाची बाहेरची चौकट सर्वपरिचित आहे. आतली चौकट आहे ती श्रोत्याच्या आशंकेची. ग्रंथाचा आरंभच श्रोत्यांच्या पृच्छेने होतो: हा ग्रंथ कोणता, यात काय बोलिले आहे, श्रवणाने काय लाभते? पुढेही श्रोता जागोजागी अडतो. त्याची आशंका आधी मांडली जाते, मगच वक्ता उत्तराकडे वळतो.

शासकीय सेवेत मी नस्त्यांवर वर्षानुवर्षे टिपणे लिहिली: आधी वस्तुस्थिती, मग नियम, पर्याय आणि शेवटी अभिमत. घरच्या प्रश्नांत मात्र अभिमतापासूनच प्रारंभ होई! वडिलोपार्जित वाडा विकावा की राखावा, यावरून धाकट्या भावाशी बोलणे जवळजवळ खुंटले होते. एका संध्याकाळी त्याचे म्हणणे मी आशंका म्हणून, त्याच्या बाजूने, कागदावर उतरवले: डागडुजीचा खर्च, रिकाम्या खोल्या, परगावी स्थायिक झालेली मुले. खाली उत्तरे लिहू गेलो, तो तिन्हींपैकी दोहोंना मजजवळ उत्तर नव्हते.

येथेच या रचनेची मर्यादाही जाणवते. 'दासबोधा'तील आशंका अखेर फिटतेच. वक्त्याला निरुत्तर करणारा श्रोता मला तेथे आढळला नाही. परमार्थाच्या ग्रंथात हे स्वाभाविक आहे, कारण वक्त्याला उत्तर आधीच गवसलेले असते. प्रपंचात ते कोणालाच गवसलेले नसते, आणि समर्थांची रीत उचलताना वक्त्याचा अधिकारही नकळत उचलला जातो.

त्या दोन उत्तरांची जागा कोरीच ठेवून मी कागद भावाकडे धाडला. तो परत आला तेव्हा कोऱ्या जागा तशाच होत्या. खाली त्याच्या अक्षरात चौथी आशंका होती: देवघर कोठे न्यायचे?