कोलंबसाचं तारू आणि मालवणचा तांडेल

मराठी कवितेतलं सगळ्यात गाजलेलं वादळ अरबी समुद्रातलं नाही. ते अटलांटिकवर उठलं, जिनोव्हाच्या एका दर्यावर्दीच्या जहाजाभोवती. कुसुमाग्रजांचं ‘कोलंबसाचे गर्वगीत’ (‘विशाखा’, 1942) मोठ्यानं म्हटलं की आजही अंगावर काटा येतो. लांब ओळ, मग आखूड ओळ. लाट चढते आणि फुटते तशी. या करामतीवर माझा काही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो कवितेतल्या कप्तानावर. तो समुद्राला तुच्छ लेखतो, कोट्यवधी सामान्य माणसांना क्षुद्र जिवांत मोजतो आणि मागं फिरण्यापेक्षा जलसमाधी बरी म्हणतो. पारतंत्र्यातल्या तरुणांना हे का भिडलं असेल ते कळतं. समुद्र म्हणजे सत्ता, तारू म्हणजे चळवळ. रूपक चोख बसलं, पण त्या नादात समुद्र निसटला.

खऱ्या कोलंबसाची जहाजं कशी गेली ते बघा. 1492च्या नाताळच्या रात्री हैतीच्या किनाऱ्याजवळ ‘सांता मारिया’ रुतली. वादळ नव्हतं, समुद्र शांत होता. सगळे झोपलेले आणि सुकाणू एका पोराच्या हाती. चौथ्या सफरीत तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी जहाजांची चाळण केली. 1503मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्याला लावावी लागली आणि माणसं वर्षभर तिथंच अडकली. ज्या क्षुद्र जिवांना गर्वगीतातला नायक हिणवतो, त्यांनीच त्याचं तारू खाल्लं!

आता आपल्याकडे या. (ओरोसहून नको. नाव सिंधुदुर्गनगरी असलं तरी तिथून समुद्र दिसत नाही.) मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर 1664मध्ये पायाभरणी झालेला किल्ला दिसतो आणि त्याच्याभोवती पाण्यात बुडालेले खडक असतात. वेंगुर्ल्यासमोर तर खडकांचा अख्खा पुंजकाच आहे. शिडाच्या गलबताला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा त्याला किनाऱ्याकडे, म्हणजे खडकांकडेच ढकलतो. म्हणून आगोट लागली की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पाण्यात लोटायच्या. मागं फिरणं ही इथं नामुष्की नाही, तो धंद्यातला अर्धा शहाणपणा आहे. गर्वगीताचा नायक इथं तांडेल झाला असता, तर दुसऱ्या हंगामाला त्याला खलाशी मिळाले नसते.

गंमत म्हणजे ‘विशाखा’ला प्रस्तावना लिहिणारे वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याला शिक्षक होते. अठरा वर्षं हाच समुद्र त्यांच्या शेजारी होता. त्यांच्या आणि आपल्याही पिढ्यांना समुद्र बहुतेक वेळा ध्येय, नियती, अनंत असल्या मोठ्या शब्दांचा आरसा म्हणूनच हवा होता. भरती, खडक, वारा यांचा हिशेब कवितेबाहेर राहिला.

त्यामुळे आपलं सगळ्यात मोठं आरमारी नुकसानही या सुरात बसत नाही. फेब्रुवारी 1756मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. पूर्वी कंपनीकडून पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर वॉटसनच्या ताफ्याचा एक गोळा पडला आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. नांगरून ठेवलेली जहाजं उभ्या उभ्या राख झाली. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. यावर गर्वगीत कसं लिहिणार? त्यासाठी वेगळा आवाज लागेल, लाज आणि हळहळ एकाच ओळीत पेलणारा.

‘गर्वगीता’त एकटा कप्तान बोलतो. घरच्या आठवणीनं खचलेल्या खलाशांना तो फटकारतो, पण त्यांना स्वतःची एकही ओळ मिळत नाही. मला त्यांची कविता वाचायची आहे. आकाशाकडे बघून, बिडी विझवून, होडीला पाठ लावत ‘आज नुको, वारो बरो नाय’ म्हणणाऱ्या कुणा तांडेलाची.