‘मी’ वगळून

मराठी कादंबरीत विद्यार्थी पुष्कळ आले, पण विद्यार्थ्याचा दिवस फारसा आला नाही. आमचा कादंबरीतला विद्यार्थी कॉलेजात गेला की पहिल्याच प्रकरणात प्रेमात पडतो, नाहीतर एखाद्या चळवळीत उडी घेतो. तो सकाळी कोठे आंघोळ करतो, मेसचे पैसे थकले म्हणजे कोणाकडे जातो, अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर काय खरडतो, या गोष्टी लेखकांना क्षुद्र वाटत असाव्यात. वास्तविक मनुष्य घडतो तो बहुधा याच शेवटच्या पानावर. 1963 साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि हे शेवटचे पान प्रथमच पुस्तकाच्या मधोमध येऊन बसले.

‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला एका सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा. वसतिगृह, मेस, चहा, रात्रीच्या गप्पा, उसने दिलेले आणि कधीच परत न आलेले पैसे, वडिलांशी चाललेली धुसफूस, परीक्षा, आणि या सर्वांच्या तळाशी साचत जाणारा एक कंटाळा. एवढ्या सामग्रीवर कादंबरी उभी राहते, हे तेव्हा अनेकांना पटले नव्हते. या पुस्तकाची बांधणीही विद्यार्थ्याच्या वहीसारखीच आहे. कोठे रोजनिशी, कोठे इतिहासलेखनाची नक्कल, कोठे पाल्हाळ, कोठे नुसती टिपणे. लेखकही त्या वेळी पंचविशीतलाच होता. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी अशा दोन विषयांत एम. ए. झालेला हा गृहस्थ. तेव्हा त्याला विद्यार्थिदशेचा परिचय ऐकीव नव्हता हे उघड आहे.

कादंबरीचा पहिला शब्दच ‘मी’ आहे. पुढची तीनशेहून अधिक पाने हा ‘मी’ थांबत नाही. पण नेमाड्यांनी त्याच्या मागे दोन शिपाई लावून दिले आहेत, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. ‘मी’ जरा फुगू लागला की ‘उदाहरणार्थ’ येऊन त्याला सांगतो की, बाबा रे, तू म्हणजे नुसता एक नमुना आहेस; आणि त्याने एखादी मोठी भावना बोलून दाखवली की ‘वगैरे’ तिच्यातली हवा काढतो. पांडुरंगाची म्हणून जी भाषा आपण ओळखतो, ती या पहाऱ्यातून तयार झाली आहे.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ‘कोसला’ वाचलेला तरुण त्यातला ‘मी’ तेवढा उचलतो आणि शिपाई तिथेच सोडून येतो. मी बारामतीच्या एमआयडीसीच्या बाजूला राहतो. मराठीत एम. ए. करणारी चार-पाच मुलेमुली संध्याकाळी माझ्याकडे येतात. कोणी भिगवणहून एसटीने येतो, कोणी इंदापूरकडची, कोणी कटफळला खोली घेऊन राहिलेला. यातल्या दोघांना कारखान्यात पाळी असते; दुसरी पाळी असली की ते येत नाहीत आणि पहिली असली की येऊन पेंगतात. त्यांचे छंद इतर मुलांसारखेच आहेत: क्रिकेट, जुनी गाणी, मोबाईलवर तासन् तास चित्रफिती पाहणे, आणि कोणाला न दाखवता कविता करणे. कवितासुद्धा मोबाईलमध्येच लिहितात आणि तेथेच पुसून टाकतात. त्यांतल्या काही मी पाहिल्या. पहिल्या ओळीत मी, दुसरीत माझे दुःख, तिसरीत मला कोणी समजून घेत नाही. आणि रोज का लिहीत नाही असे विचारले तर उत्तर एकच, “सर, मूड लागत नाही.”

‘मूड’ हा शब्द बारामतीत ऐकला की मला गंमत वाटते. कारण ज्या कवीने मूडची वाट म्हणून पाहिली नाही, तो याच गावात कऱ्हेच्या काठी चाळीसएक वर्षे लिहीत बसला होता. मोरोपंत पराडकर, जन्म 1729, पन्हाळ्याचे. तेथेच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे अध्ययन झाले, आणि विशी ओलांडल्यावर ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस आले. पुराण सांगावे, नाईकांकडून मिळेल त्यात संसार करावा आणि उरलेला सारा वेळ आर्या रचाव्यात, असा हा क्रम 1794 साली देह ठेवीपर्यंत चालला. आजच्या भाषेत सांगायचे तर नाईकांनी त्यांना जन्मभराची शिष्यवृत्तीच दिली होती. आमच्या मुलांना ती तीन वर्षांची मिळाली तरी पेढे वाटतात.

मी पंतांना मुद्दामच विद्यार्थी म्हणतो. त्यांनी अवघे महाभारत आर्यांत उतरवले. त्यांची आर्या म्हणजे बहुधा गीती असते. प्रत्येक अर्धात तीस मात्रा, आणि त्या बोटांवर मोजल्यावाचून चालत नाही. त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात. कथा तीच, परंतु प्रत्येक वेळी स्वतःला नवे कोडे घातलेले. मंत्ररामायण, दामरामायण, परंतुरामायण, निरोष्ठरामायण. ही नावे वाचताना एखादा हुशार मुलगा पाटीवर तेच गणित निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहतो आहे असा भास होतो.

यांपैकी निरोष्ठरामायणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणण्याचे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. (शास्त्रकार उकारालाही ओष्ठ्य म्हणतात, पण तेवढ्या खोलात आपण शिरू नये.) आता यातली मौज पाहा. रामायण लिहावयाचे आणि ‘राम’ म्हणता यावयाचे नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण आणि कुंभकर्ण हे दोघे भाऊ एकदमच गेले. मंथरा सुटत नाही पण कैकेयी सुटते. मेघनादाला इंद्रजित व्हावे लागते. सीता मात्र निर्वेध आहे. नायकाचे नाव घ्यावयाचे नाही असे ठरले की कवीला ‘दाशरथी’सारख्या नात्यागोत्याच्या नावांचा आश्रय करावा लागतो, म्हणजे दर वेळी तो कोणाचा कोण, याची आठवण ठेवून बोलावे लागते. जे नाव आपण जपाच्या सवयीने, विचार न करता घेतो, ते काढून घेतल्यावर त्या मनुष्याकडे नव्याने पाहणे भाग पडते. याला नुसती शाब्दिक कसरत म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

मी हाच खेळ मुलांना दिला. आपला एक दिवस लिहून आणा, अट एवढीच की पाच अक्षरे वर्ज्य. पहिल्या दिवशी हलकल्लोळ झाला. ‘मी’ लिहिताच येत नाही हे त्यांच्या ध्यानात आले, आणि कवितेचा सारा खांबच कोसळला. प्रेम नाही, मन नाही, पाऊस नाही, परीक्षा नाही, पगारही नाही. जेवणाची तर दुर्दशा झाली: भाकरी, चपाती, पोळी, भात, भाजी, आमटी सगळे बंद, डबाही बंद! ताटात उरला तो कांदा, ठेचा आणि दही. घरोघरच्या मंडळींनी या दिवाळीत हा खेळ अवश्य खेळून पाहावा. ‘फराळ’ हा शब्द चालणार नाही, पण लाडू, चकली, करंजी, शेव, चिवडा, अनारसे ही मंडळी बिनधोक आहेत. अडकतात ते बिचारे शंकरपाळे.

चार दिवसांनी पाळीवर जाणाऱ्या मुलाने लिहून आणले ते असे:

“रात्रीचे अकरा. गेटातून गाड्या निघाल्या. हातांना तेलाचा वास. चहावाला दिवा काढतो आहे. खोलीत शिरल्यावर आधी दार लोटले, नंतर वही उघडली. शेजारचा निजला आहे. त्याला सकाळी सातला जायचे आहे. आईचा आवाज दिवसातून एकदाच येतो, तोही घाईत: जेवलास का? कागदावर एक ओळ. ती खोडली. आणखी एक.”

हा मुलगा यापूर्वी स्वतःच्या एकाकीपणावर वीसएक कविता लिहून बसला होता. त्यांतल्या एकीतही चहावाला नव्हता, शेजारी निजलेला सोबती नव्हता, आणि हाताचा वास नव्हता. येथे ‘मी’ नाही, पण तो स्वतः पुरता आहे. त्याला मूड लागला होता का, हे मी विचारले नाही.

येथे एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. मोरोपंतांवर तो फार जुना आहे: हे पांडित्य आहे, हे काव्य नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त पंतांची बाजू मोठ्या आवेशाने मांडली होती, परंतु केशवसुतांनंतर कवितेविषयीची आपली कल्पनाच पालटली. कविता आतून उसळावी लागते, ती बसून करता येत नाही, असे आपण मानू लागलो. या कल्पनेने मराठीला काही श्रेष्ठ कविता दिल्या हे खरे. पण तिने एक नुकसानही केले. ज्याला दिवसाकाठी रिकामा असा अर्धा तासच मिळतो, त्याने त्या अर्ध्या तासात उसळीची वाट पाहावी, असा हा सल्ला आहे. तो सुखवस्तू मनुष्याला परवडतो. दुसऱ्या पाळीहून रात्री अकराला सुटणाऱ्याला बोटांवर मोजता येणाऱ्या मात्राच अधिक उपयोगाच्या.

आक्षेपात तथ्यही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एकशे आठ रामायणे एका माणसाने रचली की त्यांतली पुष्कळशी निर्जीव होणारच. यमकासाठी संस्कृत शब्दांची आणलेली भरती कित्येक ठिकाणी वाचवत नाही. मी मुलांना आर्याभारतातले निवडक प्रसंग वाचावयास सांगतो, सलग वाचा असे कधी सांगत नाही. पण मग ‘केकावली’चे काय करावयाचे? केका म्हणजे मोराचा टाहो. मयूर हे कवीचेच नाव. मेघाकडे पाहून मोराने ओरडावे तसा हा भक्त देवाकडे पाहून ओरडतो. येथे कथा नाही, पुराण नाही, कोडे नाही. येथे पंत प्रथमपुरुषी बोलतात, हट्ट करतात, भांडतात, उलटतपासणी घेतात. पृथ्वीवृत्तासारखे लांब दमाचे वृत्त त्यांच्या हाती असे वळते की ते वृत्त आहे याचा विसर पडावा. ही त्यांच्या उत्तरायुष्यातली रचना मानतात. जन्मभर ‘मी’ बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या कथा मोजूनमापून सांगितल्यावर शेवटी हा ‘मी’ बोलला, आणि तो ऐकवतो. आधीच्या कसरतींवाचून तो असा बोलला असता असे मला तरी वाटत नाही.

हे मनात ठेवून पुन्हा ‘कोसला’कडे वळले, तर तिच्यातली मनीच्या मृत्यूची पाने अधिक कळतात. मनी ही पांडुरंगाची धाकटी बहीण. देवी येऊन ती जाते, आणि तो पुण्याला असतो. एरवी प्रत्येक भावनेची टवाळी करणारा हा विद्यार्थी येथे टवाळी करू शकत नाही. तोवर त्याने ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांच्या साहाय्याने स्वतःच्या भाषेला इतके ताब्यात ठेवलेले असते की, ताबा सुटला हे वाचकाला लगेच कळते. एखाद्या नुसत्याच हळव्या निवेदकाने हीच बहीण रडून सांगितली असती, तर आपण रुमाल काढून पुढचे पान उलटले असते. ‘कोसला’ थोड्याच दिवसांत लिहून काढली असे सांगतात, आणि आमच्या मुलांना तेवढीच गोष्ट पाठ असते. त्या थोड्या दिवसांच्या मागे किती वह्या भरल्या आणि फेकल्या असतील, याचा विचार ती करीत नाहीत. सोयीचा नसतो.

पंत आणि पांडुरंग यांची मी जोडी लावतो, हे काही विद्वानांना चमत्कारिक वाटेल. एकाने नाईकांच्या आश्रयाचा दाणा न् दाणा फेडला, दुसऱ्याने बापाचे पैसे उडवले. एक रोज लिहीत होता; दुसरा, निदान त्याच्या म्हणण्याप्रमाणे, रोज दिवस वाया घालवीत होता. पण वाया गेलेल्या दिवसांची नोंद इतकी काटेकोर ठेवणारा मनुष्य आळशी कसा म्हणावा?

इंदापूरकडच्या मुलीने आपले पान सर्वांत शेवटी दाखवले. तिची धाकटी बहीण बारावीनंतर शिवणकामाच्या कारखान्यात लागली आहे, आणि हिच्या एम. ए.ची फी त्या पगारातून भरली जाते. हे तिने यापूर्वी कधी बोलून दाखवले नव्हते, लिहिणे तर दूरच. आता लिहावयाचे ठरवले तेव्हा ‘मी’ही नाही आणि ‘बहीण’ही नाही. म्हणून तिने दोघींसाठी एकच शब्दयोजना केली: “आईची लेक”. आईची लेक सकाळी सहाला निघते. आईची लेक एसटीत उशीला वही घेते. आईच्या लेकीचे डोळे रात्री दुखतात, असे काहीसे तिला लिहावयाचे होते, पण ‘दुखतात’मध्ये अडचण नाही ना, असे विचारून तिने तीनदा अक्षरे तपासली. पान वाचताना कोणती लेक कारखान्यात जाते आणि कोणती वर्गात, हे मला बराच वेळ कळेना. मी तसे विचारले. ती म्हणाली, “सर, ‘धाकटी’ आणि ‘थोरली’ दोन्ही शब्द चालत होते. पण घातले नाहीत.”