स्पर्धा कायद्याची एकछत्री अंमलबजावणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

मक्तेदारीविरोधी कायद्याची अंमलबजावणी एकाच यंत्रणेकडे असावी की विभागलेली असावी, हा जुना वाद आहे. अमेरिकेत १९१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन स्थापन झाल्यापासून न्याय विभाग व हे कमिशन अशा दोन यंत्रणा हे काम करीत आल्या आहेत. भारताने स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये एकाच आयोगाचा मार्ग स्वीकारला. हे एकत्व व्यवहारात कितपत टिकले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन

१९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याची जागा नव्या कायद्याने घ्यावी, ही राघवन समितीची शिफारस होती. त्यानुसार २००३ मध्ये भारतीय स्पर्धा आयोग स्थापन झाला. परंतु त्याच्या न्यायिक स्वरूपावर न्यायालयात आक्षेप आला. २००७ च्या दुरुस्तीनंतर अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण निर्माण करण्यात आले आणि २० मे २००९ पासून आयोगाचे मुख्य अधिकार अमलात आले.

या एकछत्री अधिकाराची खरी कसोटी दूरसंचार क्षेत्रात लागली. जेसल पार्कमधील ग्राहकाचा फोन दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास लागण्यासाठी दोन्ही कंपन्यांची जाळी पुरेशा प्रमाणात जोडलेली असावी लागतात. जुन्या कंपन्या ही जोडणी संगनमताने नाकारतात, अशी रिलायन्स जिओची तक्रार होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांवर एकूण ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली, तर स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये हा आदेश रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आयोगाचा अधिकार नष्ट होत नाही, मात्र परवान्यातील हक्क व दायित्वे नियामकाने आधी निश्चित करावीत, असा त्याचा आशय होता.

या निर्णयातील तर्क सुसंगत आहे. जोडणीचे तांत्रिक निकष नियामकच जाणतो. तथापि कायद्याच्या कलम २१-अ मध्ये आयोगाने नियामकाचे मत मागविण्याची व ते साठ दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. हे मत विचारात घेणे आवश्यक असले, तरी अंतिम निर्णय आयोगाचाच असतो. न्यायालयाने आखलेल्या क्रमाला मात्र अशी कालमर्यादा नाही. बाजारपेठेतील संगनमताची चौकशी लांबली, तर तिचे प्रयोजनच क्षीण होते.

अपिलाच्या पातळीवर विलीनीकरणाची दुसरी बाजू दिसते. २०१७ मध्ये स्पर्धाविषयक स्वतंत्र अपिलीय न्यायाधिकरण रद्द होऊन त्याचे काम राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाकडे गेले. कंपनी कायदा व दिवाळखोरीची अपिले हाताळणाऱ्या या मंचाकडे काम एकवटले. परंतु केवळ स्पर्धाविषयासाठी असलेला मंच लोपला.

निष्कर्ष

यंत्रणा एक केल्याने अंमलबजावणी आपोआप एकसंध होत नाही. क्षेत्रीय नियामकाने प्राथमिक निर्णय किती दिवसांत द्यावा, हे कायद्यानेच ठरविणे आणि अपिलासाठी स्पर्धाविषयक तज्ज्ञ पीठ असणे, या दोन गोष्टींवाचून एकछत्री रचना नावापुरतीच उरते.