'रसायनमुक्त' संत्री आणि मोरचूद

चांदूर बाजारकडील संत्र्यांवर 'सेंद्रिय' अशी पाटी लागली, की शहरातले गिऱ्हाईक तिचा अर्थ 'रसायनमुक्त' असा लावते आणि जादा दर देते. हा अर्थ आम्हाला मान्य नाही.

डिंक्या रोगावर बागाईतदार बोर्डो मिश्रण वापरतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, चक्क रसायन! तरीही सेंद्रिय शेतीच्या नियमांत बोर्डोला मर्यादित परवानगी आहे. तांबे हे मूलद्रव्य. त्याचे विघटन होत नाही, ते मातीत साचत जाते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो ही त्याची कमाल मर्यादा ठरवली. सेंद्रिय मालात कृत्रिम कीटकनाशकांचे अवशेष सहसा कमी आढळतात, हे खरे. परंतु 'सेंद्रिय' हे पिकवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. हातातल्या फळात काय उरले, ते प्रयोगशाळाच सांगते.

दरावरून तर काहीच कळत नाही. फळबागेला प्रमाणपत्रापूर्वी साधारण तीन वर्षे संक्रमणाची काढावी लागतात. तो खर्च, तपासणीचे शुल्क, वाहतूक हे सारे दरात येते. शिवाय वऱ्हाडात बहाराचा सौदा बरेचदा झाडावरच होतो. गिऱ्हाइकाने मोजलेला जादा रुपया मग बागाईतदारापर्यंत पोचतोच असे नाही.