साडेचार ताऱ्यांतून निसटलेलं जेवण

अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये कुठे जेवायचं हे मी बरेच दिवस फोनवर फिल्टर लावून ठरवायचो. साडेचार तारे, ‘आत्ता उघडं’, ऑफिस सुटल्यावर. यादीत यायचे तेच बर्गर आणि तेच टाको. फिल्टर बरोबर चालत होता, माझा प्रश्नच चुकत होता.

या शहराची खासियत दुपारी मिळते. ‘मीट अँड थ्री’ म्हणजे मांसाचा एक पदार्थ, तीन भाज्या आणि सोबत बहुतेकदा कॉर्नब्रेड. थोडक्यात, आपली खानावळ. अशी बरीच ठिकाणं दुपारीच बंद होतात, म्हणून माझ्या संध्याकाळच्या यादीत ती दिसायचीच नाहीत.

ताऱ्यांची दुसरी अडचण सरासरीची. भाज्या रोज बदलत असतील, तर कुणाच्या मंगळवारच्या भेंडीला मिळालेल्या ताऱ्यांवरून माझ्या शुक्रवारच्या ताटाबद्दल काय कळणार? मॅकरोनी-चीज इथे भाज्यांत मोजतात आणि कॉलर्डच्या पाल्यात बहुधा डुकराचं मांस घालतात. शाकाहारी माणसाला हे एकही तारा सांगत नाही, काउंटरवर विचारावंच लागतं.

इतिहासही ताऱ्यांत मावत नाही. शेजारच्या बेसेमरमधलं ‘ब्राइट स्टार’ १९०७ साली सुरू झालं ते ग्रीक स्थलांतरितांमुळे. बर्मिंगहॅमच्या अस्सल ‘सदर्न’ जेवणात परगावाहून आलेल्यांचा हात इतका जुना आहे.

तारे अगदीच निरुपयोगी नाहीत, वाईट जागा त्यांच्यामुळे टळते. पण चांगली शोधायची तर मी आता बारा वाजता बाहेर पडतो आणि कामाच्या कपड्यातली माणसं कुठे रांगेत उभी आहेत ते बघतो.