चाल हसरी, शब्द रडवे

परस्परविरोधी असे दोन रस काव्यात एकत्र आले म्हणजे रसभंग होतो, असे आपले साहित्यशास्त्र सांगते; परंतु ह्या नियमाला त्याच शास्त्रात एक मोठा मार्मिक अपवादही सांगितलेला आहे. महाभारतातील स्त्रीपर्वात भूरिश्रव्याचा तुटलेला हात रणभूमीवर पडलेला पाहून त्याच्या स्त्रिया विलाप करतात, आणि विलाप करता करता त्याच हाताच्या शृंगारचेष्टा त्यांना आठवतात. शृंगार आणि करुण ह्यांचे वस्तुतः वैर. पण येथे शृंगार हा करुणाचा चाकर होऊन आला आहे, म्हणून त्याने शोक हलका होत नाही, उलट असह्य होतो. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात हे उदाहरण घेऊन असा निवाडा दिला आहे की, विरोधी रस जर अंग होऊन आला, तर तो दोष नव्हे. ह्या जुन्या निवाड्याची आठवण आम्हांस आज ज्या निमित्ताने झाली, ते ऐकून काही वाचकांच्या भुवया वर चढतील. ते निमित्त म्हणजे १९८० ते १९८९ ह्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत घरोघर वाजलेली 'पॉप' गीते होय.

ह्या गीतांविषयी सुशिक्षितांचे मत फारसे अनुकूल नाही, हे आम्ही जाणतो. टांकसाळीतून पडलेल्या नाण्यांप्रमाणे ती एकसारखी, चकचकीत आणि हलकी आहेत, असे आमचेही मत पुष्कळ वर्षे होते. ती आम्ही प्रथम ऐकली ती शाळेत असताना, कोणीतरी मुंबईहून आणलेल्या आणि नकलेवरून नक्कल काढून घासून गेलेल्या कॅसेटवर. आमचे इंग्रजी त्या वेळी बेताचे, गायकांचे उच्चार परके. निम्मे शब्द कानांवरून जात आणि उरलेल्या निम्म्यांचा आम्ही मनास येईल तो अर्थ लावीत असू. चाल मात्र पक्की बसली. पुढे इंग्रजी वाङ्मय शिकविण्यातच आयुष्य गेले, तरी ह्या गीतांचे शब्द एकदा नीट पाहावेत, असे कधी मनात आले नाही. २०२२ साली केट बुश हिचे १९८५ सालचे 'रनिंग अप दॅट हिल' हे गीत एका चित्रमालिकेमुळे इंग्लंडच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या स्थानी जाऊन बसले आणि आमच्या वर्गातील मुलेमुली ते गुणगुणू लागली. तेव्हा कोठे आम्ही त्या दशकातील गीते शब्दांकडे लक्ष देऊन पुन्हा ऐकावयास बसलो. ऐकल्यावर थोडी लाजच वाटली. ज्यांच्या ठेक्यावर आम्ही स्नेहसंमेलनात उड्या मारल्या होत्या, त्यांपैकी कित्येकांत अणुबाँब होता, बेकारी होती, मार खाणारे मूल होते.

चालीवर हे हसू कोठून आले, ह्याचे कारण काही अंशी त्या काळच्या यंत्रांत सापडते. रोलंड कंपनीचे '८०८' हे तालयंत्र १९८० साली बाजारात आले, यामाहाचा 'डीएक्स ७' हा सिंथेसायझर १९८३ साली. यंत्राचा ताल थकत नाही, चुकत नाही, आणि दुःखाने मंदावतही नाही. त्यात लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहात पीटर गेब्रिएल ह्याच्या १९८० सालच्या संग्रहाचे काम चालू असताना एक युक्ती हाती लागली: ढोलाचा घुमारा आधी फुगवावयाचा आणि मग तो एकाएकी कापून टाकावयाचा. तेथे ढोल वाजविणाऱ्या फिल कॉलिन्स ह्याने पुढच्याच वर्षी 'इन दि एअर टुनाइट' ह्या आपल्या गीतात तीन-साडेतीन मिनिटे श्रोत्यास ताटकळत ठेवून तो आघात असा काही उतरविला की, पुढील दहा वर्षे ज्याला त्याला तोच हवासा झाला. परिणाम असा झाला की, गीत विरहाचे असो वा पराभवाचे, त्याचा ढोल विजयाचाच वाजू लागला.

तथापि सर्व भार यंत्रावर टाकणे बरोबर नाही. 'ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क' ह्या लांबलचक नावाच्या इंग्रज मंडळीचे १९८० सालचे 'एनोला गे' पाहा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचे हे नाव. वैमानिकाने ते आपल्या आईवरून ठेवले होते. बाँबचे टोपणनाव 'लिट्‌ल बॉय', म्हणजे लहानगा मुलगा. आई आणि मुलगा ह्या दोन नावांवर गीतकाराने जो कडू श्लेष साधला आहे, तो कोणाही संस्कृत कवीला मान खाली घालावयास लावणारा नाही. पालुपदाच्या जागी तर शब्दच नाहीत. तेथे सिंथेसायझरवर लहान मुलाच्या खेळण्यातून निघावी तशी एक गोड सुरावट वाजते. सव्वाआठ वाजता थांबलेले घड्याळ आणि ही खेळण्याची सुरावट! येथे माधुर्य हे भयानकाचे अंग होऊन आले आहे, आणि आनंदवर्धनाने ह्या गीतास निश्चित पास केले असते. ज्याला त्या नावाचा इतिहास ठाऊक नाही, तो नुसता नाचतो हे खरे. पण ध्वनिकाव्याला सहृदय लागतो, ही अट काही आमची नव्हे.

पश्चिम जर्मनीतील नेना आणि तिच्या मंडळीचे १९८३ सालचे 'नॉइनउंडनॉइनत्सिश लुफ्टबालोन्स', म्हणजे 'नव्याण्णव फुगे', हे त्याहून सरळ आहे. कोणी सहज आकाशात सोडलेले फुगे अंतराळातून आलेल्या उडत्या तबकड्या समजले जातात, सेनापतींना आणि मंत्र्यांना चेव येतो, आणि जगाचा उकिरडा होतो. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या देशात अमेरिकेची 'पर्शिंग-२' क्षेपणास्त्रे येऊन दाखल होऊ लागली, म्हणजे कल्पना हवेतील असली तरी भीती हवेतील नव्हती. गीताचा मधला भाग धावता आणि उल्हसित. परंतु शेवटी, ओसाड जगात एक फुगा सापडतो तेथे, चाल आपण होऊन वेग सोडते आणि वाद्ये बाजूला होतात. चालीच्या चेहऱ्यावरील हसू कवीने स्वतःच्या हाताने पुसले आहे. मौज ही की, अमेरिकेत हे गीत जर्मन भाषेतच दुसऱ्या स्थानापर्यंत चढले. एक अवाक्षर न कळता ते ऐकणारे लक्षावधी लोक पाहून, घासलेल्या कॅसेटवाल्या आम्हां पोरांना थोडा धीर येतो. सुझॅन वेगा हिचे १९८७ चे 'लुका' ह्याच वर्गातील: घरी मार खाणारा मुलगा शेजाऱ्याला काही विचारू नका म्हणतो, आणि चाल मात्र सकाळच्या उन्हासारखी निर्मळ. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

खरा पेच पुढे आहे. 'पोलिस' ह्या मंडळीचे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गीत १९८३ साली अमेरिकेत आठ आठवडे अग्रस्थानी होते. स्टिंग ह्याने ते आदल्या वर्षी जमेकात लिहिले. शब्द वाचले तर अंगावर काटा येतो: टाकलेला पुरुष टाकून गेलेल्या स्त्रीच्या श्वासागणिक, पावलागणिक तिच्यावर पाळत ठेवतो आहे. चाल मात्र जुन्या प्रेमगीतांच्या वळणाची. तीवर गिटारची एकच मृदू, एकसारखी गुंफण. लोकांनी ते विवाहसमारंभात लावले! ह्याचे खुद्द कवीलाही आश्चर्य वाटत आले आहे. पुढे १९९७ साली तीच गुंफण उचलून अमेरिकेत एका मारल्या गेलेल्या गायकाचे शोकगीत तयार झाले, आणि तेही जगभर गाजले. पाळत, विवाह आणि मृत्यू हे तीनही एकाच चालीत राहून गेले. मग ह्या चालीला चारित्र्य नाही, असे म्हणावयाचे काय?

आम्ही तसे म्हणणार नाही. शब्द कोणाचे आहेत, हे पाहावे. मत्सराने पछाडलेला मनुष्य स्वतःला मत्सरी समजत नाही. तो स्वतःला एकनिष्ठ प्रेमिक समजतो. ही गोड चाल म्हणजे त्याचे स्वतःविषयीचे मत आहे. श्रोता फसतो तो कवीच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर त्या पुरुषाच्या गोडव्यामुळे; आणि ज्या स्त्रीविषयी ते गीत आहे, तीही पहिल्याने बहुधा अशीच फसली असेल. म्हणून विवाहात ते गीत लावणाऱ्यांना हसताना आम्ही जरा जपून हसतो. आमच्या मते ह्या दशकातील चाल-शब्दांच्या विरोधाचा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कोणत्याही गीतात झालेला नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्याच्या 'बॉर्न इन दि यू. एस. ए.' ह्या १९८४ च्या गीताची गोष्ट निराळी. नायक एका मेलेल्या गावात जन्मलेला. लहानपणापासून लाथा खाल्लेला. काही भानगडीत सापडल्यावर हाती बंदूक देऊन व्हिएटनामला पाठविलेला. परत येतो तो कारखान्यात काम नाही. खे सान येथे लढलेला भाऊ गेलेला. आणि दहा वर्षांनंतर जाण्यास वाट नाही. ही हकीकत कडव्यांत आहे, आणि कडवी खरखरीत आवाजात कशीबशी ऐकू येतात. पालुपदात मात्र आपण ह्या देशात जन्मलो एवढीच घोषणा, आणि तिच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत न बदलणारी सिंथेसायझरची तुतारी व तोफेसारखा ढोल. व्हायचे तेच झाले. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगन ह्यांनी १९ सप्टेंबर रोजी न्यू जर्सीतील हॅमंटन गावी भाषण करताना, ह्या गायकाच्या गीतांत अमेरिकेच्या भवितव्याविषयी आशेचा संदेश आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या रंगमंचावरून गायकाने, अध्यक्षांना आपला कोणता संग्रह आवडत असेल बरे, अशी शंका काढून बेकारीने खून करावयास लागलेल्या एका कामगाराचे गीत म्हटले.

येथे पुष्कळ टीकाकार श्रोत्यांच्या बहिरेपणास हसून मोकळे होतात. आम्हांस हे हसणे पटत नाही. आपल्याकडेही विलाप करणाऱ्या नायिकेच्या पदाला 'वन्समोअर' मिळत असे, आणि ती डोळे पुसून पुन्हा रडू लागे. तेथे प्रेक्षकांपेक्षा चाल बांधणाराकडे अधिक बोट दाखविले पाहिजे. स्प्रिंगस्टीनने संग्रहाच्या वेष्टनावर देखील राष्ट्रध्वजाचे पट्टे छापले होते. ध्वज दाखवावयाचा, तुतारी वाजवावयाची, आणि मग लोक सलाम करू लागले म्हणून तक्रार करावयाची, ह्यात अर्धी चूक आपली हे कवीने मानले पाहिजे. आनंदवर्धनाच्या कसोटीने पाहिले तर येथे वीररस अंग राहिलेला नाही. त्याने घर बळकावले आहे.

आमचे एक मित्र ह्यावर १९८२ च्या जानेवारीत त्याच कवीने घरी एकट्याने, केवळ गिटारवर आणि साध्या कॅसेटयंत्रावर मुद्रित केलेला त्याच गीताचा पाठ पुढे करतात. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ढोल नाही, तुतारी नाही. आवाज चिडका आणि एकाकी. त्याचा अर्थ चुकीचा लावणे कोणाही अध्यक्षास शक्य झाले नसते. तोच पाठ निर्दोष, असे आमचे मित्र म्हणतात, आणि शास्त्र त्यांच्या बाजूस आहे. तरीही आम्ही दोन्ही पाठ एकामागून एक कितीदा ऐकले, आणि प्रत्येक वेळी गलबल्याच्या पाठाकडेच परत आलो. पहिल्या पाठात एक मनुष्य खोलीत बसून आपली हकीकत सांगतो. ती खरी आहे, आणि लहान आहे. दुसऱ्यात तो ती भर मैदानात ओरडून सांगतो, आणि साठ हजार लोक त्याच्याच शब्दांनी त्याचा आवाज बुडवून टाकतात. देशाने जे त्या शिपायाचे केले, तेच श्रोत्यांनी त्याच्या गीताचे केले. हे कवीने योजले होते असे आम्ही म्हणत नाही; योजलेले नसावे. परंतु १९८४ नंतर ते गीताला चिकटले आहे, आणि आता त्यापासून वेगळे करता येत नाही. दोष आहे खरा, पण तो काढून टाकलेले गीत आम्हांस नको.

ह्या गोंगाटाच्या दशकाच्या अखेरीस एक गीत असे आले की, त्यात चाल आणि शब्द एकमेकांशी भांडत नाहीत. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर नेल्सन मंडेला ह्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा जलसा होता. स्टीव्ही वंडर ह्याच्या वाद्ययंत्राची तबकडी, जीत त्याचे सारे संगीत साठविलेले होते, ती ऐन वेळी सापडेना; तो माघारी गेला. रिकाम्या रंगमंचावर ट्रेसी चॅपमन ही आधी एकदा गाऊन गेलेली तरुणी केवळ एक गिटार घेऊन पुन्हा उभी राहिली आणि तिने 'फास्ट कार' म्हटले. यंत्र हरवल्यामुळे हे गीत जगाच्या कानी पडावे, ही घटना आमच्या विषयाला इतकी सोयीची आहे की, ती कल्पित असती तर आम्ही गाळली असती.

हकीकत साधी आहे. दारुड्या बापाची सेवा करण्यासाठी शाळा सोडलेली मुलगी प्रियकराच्या गाडीतून गाव सोडण्याचे स्वप्न पाहते. दुकानात गल्ल्यावर काम करते. सुटका होते असे वाटते. आणि अखेर तो प्रियकरही बापाच्याच वाटेने दारूच्या गुत्त्यात बसू लागतो. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स ह्या गौरवर्णी ग्रामगायकाने ते पुन्हा गाऊन घरोघर पोहोचविले. पुरुष असूनही दुकानातल्या मुलीचा शब्द त्याने बदलला नाही. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी समारंभात दोघांनी ते मिळून म्हटले.

गिटारवर एक छोटी सुरावट चाकासारखी फिरत राहते. कडव्यांत आवाज जवळजवळ बोलण्यासारखा खाली असतो. फक्त पालुपद आले की चाल एकदम मोकळी होते, ढोल उठतो, आणि क्षणभर सारे आनंदाचे वाटते. हा आनंद चालू घटकेचा नव्हे. पालुपदात ती एका गेलेल्या रात्रीची आठवण काढते: भरधाव गाडी, खाली पसरलेले शहराचे दिवे, आणि आपल्या खांद्यावर टाकलेला त्याचा हात. पालुपद तीनदा येते. शब्द तेच, चालही तीच. दर वेळी मधल्या काळात घरची स्थिती मात्र अधिक बिघडलेली असते, आणि तिसऱ्या वेळी तो हात घरात नसतो.