सागरी परिसंस्था प्रतिमानांची आधारसामग्री : महाराष्ट्र किनाऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

हवामानबदलाचा मत्स्यसंपदेवर होणारा परिणाम अजमावण्यासाठी प्रादेशिक परिसंस्था प्रतिमाने वापरण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. १९८४ मध्ये जे. जे. पोलोविना यांनी हवाई बेटांच्या साखळीतील एका प्रवाळ क्षेत्रासाठी ‘इकोपाथ’ हे प्रतिमान मांडले. कोण कोणाला खातो, किती खातो आणि त्यातील किती वाटा माणूस उचलतो, याचा जमाखर्च मांडणे हे त्याचे मूळ सूत्र होय. आज ‘फिशएमआयपी’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात निरनिराळ्या समुद्रांची अशी प्रतिमाने समान हवामान-सामग्रीवर चालवून त्यांचे निष्कर्ष ताडून पाहिले जातात. या विषयावरील लेखनात प्रतिमानांच्या गणिती रचनेची चर्चा विपुल आढळते. त्यांत भरल्या जाणाऱ्या आकड्यांची चिकित्सा मात्र त्या मानाने फारच थोडी. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र किनाऱ्याच्या संदर्भात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

एका वर्षाचे दोन आकडे

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात २.०१ लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षी हा आकडा २.९५ लाख टन होता. म्हणजे एका वर्षात ३२ टक्क्यांची घट झाली आणि हा ४५ वर्षांतील नीचांक ठरला. राज्य शासनाच्या आकडेवारीत मात्र २०१९-२० चे सागरी मत्स्योत्पादन चार लाख टनांहून अधिक आहे. एक आकडा कॅलेंडर वर्षाचा व दुसरा आर्थिक वर्षाचा, हे खरे. परंतु तीन महिन्यांच्या फरकाने दुपटीचे अंतर पडत नाही. संशोधन संस्था निवडक बंदरांवर निवडक दिवशी प्रत्यक्ष निरीक्षण करून, स्तरित बहुपदी यादृच्छिक नमुना पद्धतीने अंदाज बांधते. तिची पद्धत प्रसिद्ध आहे आणि तपासता येते, म्हणून प्रतिमानासाठी तिचा आकडा अधिक ग्राह्य मानावा, असे म्हणता येईल. तथापि कोणता आकडा घेतला व का घेतला, हे न सांगता पुढे जाणारे संशोधन विश्वासार्ह ठरत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न २.०१ लाख टनांचा अर्थ काय, हा आहे. त्या वर्षी अरबी समुद्रात ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’, ‘महा’ व ‘पवन’ अशी पाच चक्रीवादळे झाली. ‘क्यार’ आणि ‘महा’ ही तर ऑक्टोबरअखेर एकाच वेळी समुद्रात होती. पावसाळी बंदी संपून हंगाम भरात येण्याच्या काळात नौका बंदरात नांगरून राहिल्या. मासळी कमी मिळाली ती समुद्रात मासे कमी होते म्हणून, की माणसे समुद्रावर गेलीच नाहीत म्हणून? केवळ उतरलेल्या मासळीचा आकडा पाहणाऱ्या प्रतिमानाला हा भेद कळत नाही. त्यासाठी मासेमारीच्या प्रयत्नाची, म्हणजे फेऱ्यांची व तासांची, नोंद शेजारी ठेवावी लागते. येथे हवामानाचा परिणाम माशांवर होण्याआधी मासेमाराच्या दिवसांवर झाला आहे. प्रचलित मांडणीत हवामान व मासेमारी या दोन स्वतंत्र फायली असतात. २०१९ चे वर्ष त्या मांडणीत नीट बसत नाही.

प्रयत्नाचे मोजमापही सरळ नाही. डोळ जाळ्याने बोंबील पकडणारी सातपाटी-वर्सोव्याकडील नौका आणि अनेक दिवस समुद्रात राहणारा ट्रॉलर यांची ‘एक फेरी’ सारखी नव्हे. शिवाय ससून गोदीत उतरलेली मासळी मुंबईसमोरच पकडलेली असेल असेही नाही. नोंद बंदराच्या नावावर होते. प्रतिमानाला हवे असते ते पकडीचे ठिकाण. जागतिक सामग्रीसंचांत देशाची एकूण पकड ठरावीक नियमांनी समुद्राच्या चौकटींत वाटून दिलेली असते. अशा वाटपासाठी तापमानाचा आधार घेतला असेल आणि पुढे त्याच आकड्यांवरून ‘तापमान व पकड यांचा संबंध आढळला’ असे लिहिले गेले, तर ते आपणच पेरलेले उगवल्याचे आश्चर्य होय.

हवामानाची चौकट

पश्चिम हिंदी महासागर तापत आहे, याविषयी दुमत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १९०१ ते २०१२ या काळात तेथील उन्हाळी पृष्ठतापमान १.२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दाखविले. २०१६ मध्ये सहा दशकांत वनस्पतिप्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे मांडले. परंतु महासागराचे निष्कर्ष किनाऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. एक अंशाची चौकट सुमारे ११० किलोमीटरची, तर पाव अंशाची सुमारे २७ किलोमीटरची. त्यात ठाण्याची वा वसईची खाडी दिसतच नाही. डोळ जाळी लागतात ती मात्र याच उथळ, गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्याच्या आसपास. मोठ्या चौकटीतील मजकूर लहान चौकटीत उतरविल्याने आकडे वाढतात, माहिती वाढत नाही.

हा काटेकोरपणा निव्वळ विद्यापीठीय नव्हे. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरविला आणि त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. अशा निर्णयांना उद्या प्रतिमानांचा आधार दिला जाईल. त्यावेळी वादळाचे वर्ष मासे संपल्याचे वर्ष म्हणून वाचले गेले, तर बंदीचे दिवस वाढतील ते, वादळात आधीच बुडालेल्या हंगामाच्या भरीला, लहान नौकावाल्या कोळ्यांचे.

समुद्रापासून दूर असलेल्या सोलापुरातील महाविद्यालयांचा याच्याशी संबंध काय, असा आक्षेप येऊ शकतो. सुके बोंबील येथील बाजारात येतात, एवढ्यावर तो संपत नाही. भीमेवरील उजनी जलाशयात हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. उन्हाळ्यात पाणीसाठा ‘उणे’ पातळीवर गेला की मासे थोड्या पाण्यात गोळा होतात व जाळ्यात अधिक येऊ शकतात; त्या वाढलेल्या पकडीवरून जलाशयात मासे वाढले असे कोणी म्हणणार नाही. पाणीपातळीची रोजची नोंद तेथे उपलब्ध असते. तिच्या शेजारी जाळी, होड्या व जातवार वजन यांची नोंद ठेवणे भूगोल, प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना एकत्रितपणे, फारशा खर्चाविना करता येण्याजोगे आहे. आणि त्यात चिलापीचे वजन ‘इतर मासे’ या रकान्यात न टाकता वेगळे लिहावे लागेल.